फळांच्या टबातलं बाळ कोणी पाहायचं?

या मे महिन्यात सिंधुदुर्गातल्या कितीतरी फोनांवर एक फोटो फिरला. न्हाणीत ठेवलेला प्लास्टिकचा टब, कोमट पाण्यात थोडं दूध, वर तरंगणाऱ्या संत्र्याच्या चकत्या, हापूसच्या फोडी, चार चाफ्याची फुलं, आणि मधोमध पाच-सहा महिन्यांचं गुटगुटीत, उघडं, हसरं बाळ. फोटो आईने घरीच काढला होता आणि सुरेख काढला होता. दोन दिवसांत त्यावरून दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ही अन्नाची नासाडी आहे, पाश्चात्त्यांचं अनुकरण आहे, पैशाचा माज आहे, आणि उघड्या पोराचं प्रदर्शन मांडताना लाज वाटायला हवी. दुसऱ्याचं म्हणणं, आमचं बाळ, आमचं घर, आमची फळं, तुम्ही कोण विचारणारे? वाद अजून चालू आहे, आणि आता तो त्या एका फोटोपुरता राहिलेला नाही, कारण असे फोटो घरोघरी निघू लागले आहेत. मला वाटतं, दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाळाला फळांच्या पाण्यात बसवून घरी फोटो काढण्यात काहीही वावगं नाही. काढावा, हौसेने काढावा, बाळाच्या जिवाला आणि कातडीला जपून काढावा. पण तो फोटो घरच्या माणसांपुरताच राहावा. घरचं माणूस म्हणजे कोण, हे ठरवायला सोपी कसोटी आहे: ज्याच्या मांडीवर बाळाला निर्धास्त ठेवून तुम्ही विहिरीवर जाऊन याल, त्याला फोटो पाठवा. बाकी कोणाला नको. वाडीच्या गटावर नको, फेसबुकवर नको, इन्स्टाग्रामवर तर नकोच. फळं किती वाया गेली हा प्रश्न किरकोळ आहे. बाळाला कोणी पाहायचं आणि ते कोणी ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे.

नासाडीचा आक्षेप आधी घेऊ, कारण तो सर्वांत जोरात घेतला जातो. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारी माणसं आपण. खायचं फळ आंघोळीच्या पाण्यात पडलेलं पाहून कोणाच्या तरी पोटात तुटणार, हे मी समजू शकते. ज्या घरात पहिली पेटी मुंबईला जाते आणि मुलांच्या वाट्याला डागी आंबा येतो, त्या घरात तर ते साहजिकच आहे. पण हा आक्षेप घेताना आपल्याच परसात एकदा पाहावं. मे अखेरीस पाऊस पडला की झाडाखाली रतांब्यांचा सडा कुजतो. फणस झाडावरच पिकून फुटतात. काजूची बी पिरगळून घेतली की बोंडूंचे ढीग बागेत तसेच पडतात आणि त्यांच्या आंबूस वासाने वाट भरून जाते. हे सगळं वर्षानुवर्षं डोळ्यांदेखत कुजत असताना ज्यांना अन्नाचा अपमान आठवला नाही, त्यांना तो एका टबातल्या सहा फोडींतच कसा दिसला?

आणि फळ खाण्याखेरीज कशालाच वापरायचं नाही, असं आपल्याकडे होतं तरी कधी? गणपतीच्या डोक्यावर आपण माटवी बांधतो. तिला नारळ, सुपारीची शिपटी, काकड्या, रानातली कवंडळं आणि कायकाय टांगतो, ते काय खाण्यासाठी? नरकचतुर्दशीला तुळशीसमोर कारीट पायाने चिरडतो आणि अभ्यंगस्नान करतो. देवावर पंचामृताचा अभिषेक होतो, त्यातलं सगळंच तीर्थ म्हणून पोटात जात नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ज्या घरांत बोरन्हाण होतं, तिथे काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, बत्ताशे ओततात. फळांनी मढलेलं मूल पाहण्याची हौस आपल्याला कोणा परदेशी छायाचित्रकाराने शिकवलेली नाही. आणि नटवून फोटो काढण्याचं म्हणाल, तर डोहाळजेवणाला पुठ्ठ्याच्या चंद्रावर बसवून, हातात फुलांचा धनुष्यबाण देऊन गर्भारणीचे फोटो काढायची रीत किती जुनी आहे? तेव्हा संस्कृती बुडाल्याची ओरड कोणी केली नव्हती.

हे मान्य, की दुधाच्या पाण्यात फळांच्या चकत्या तरंगवण्याचा हा थाट बाहेरून आला, फोनवरून आला. पण बाहेरून आलेलं ते वाईट, हे कोकणी माणसाने कोणत्या तोंडाने म्हणावं? काजू, अननस, पपई, पेरू, जेवणातली मिरची, सगळं समुद्रापलीकडून आलं. ज्या हापूसवर आपण जीव टाकतो त्याचं नावसुद्धा पोर्तुगीज आहे आणि कलम बांधायची कला त्यांच्याच काळात इथे रुजली. हे सगळं आपण घेतलं, आपल्या मातीत लावलं, आपलं केलं. आलेल्या वस्तूला आपण काय केलं हे विचारण्यात अर्थ आहे. ती कुठून आली हे विचारत बसलो तर आपल्या ताटात भात आणि मासे एवढंच उरेल.

टीका करणाऱ्यांना खरोखर बाळाचीच काळजी असती, तर त्यांनी पहिला प्रश्न चिकाचा विचारला असता. संस्कृतीवर पानंच्या पानं लिहिली गेली, चिकाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे ज्ञान कोकणाइतकं दुसरीकडे कुठे असणार? आंबा, काजू आणि बिबा ही एकाच कुळातली झाडं. बिबा उततो हे सगळ्यांना ठाऊक आहे. काजू बी फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात, कारण टरफलातलं तेल कातडी जाळतं. आंबा देठासकट उतरवायचा, हे झेल्याने आंबे काढणारा पोरसुद्धा सांगेल, कारण देठ तुटून चीक सांडला की फळावर डाग पडतो आणि माणसाच्या गालावर उडाला तर तिथेही काळपट चट्टा उमटतो. मोठ्या माणसाच्या राठ कातडीची ही कथा, तर पाच महिन्यांच्या बाळाच्या मांडीच्या वळीची काय होईल? तेव्हा आंबा घालायचाच असेल तर धुऊन, देठाकडचा भाग उडवून, साल काढून घालावा. काजूचं बोंडू बीसकट टबाच्या आसपासही नको. फणसाचा गराही नको, त्याचा चीक पाण्याने सुटत नाही.

लिंबाचं आणखी वेगळं आहे. लिंबाचा रस, त्याच्या सालीतलं तेल अंगाला लागून वर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मग तपकिरी डाग कितीतरी दिवस राहतात. फोटोला उजेड हवा म्हणून लोक टब उचलून खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हात नेतात, तिथेच घात होतो. जांभळं, करवंदं, द्राक्षं दिसायला कितीही सुंदर असली तरी हाताला लागेल ते तोंडात घालायच्या वयात ती घशात अडकू शकतात. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत तर बाळाला टबात बसवण्याचा विचारही करू नये. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट पाण्याची. तान्हं मूल दोन इंच पाण्यातही बुडतं आणि बुडताना आवाज करत नाही. पाऊल बुडेल एवढ्या पाण्यात काय होणार, असं म्हणणाऱ्या माणसाला टबाजवळ बसवू नये.

मालवणजवळ माझ्या भाचीने असा फोटो काढला तेव्हा मी तिथे होते. बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ पाचव्या महिन्यात. आक्का, म्हणजे तिची आई, टबाला लागून पाटावर बसली होती. कोपर बुडवून पाणी पाहून घेतलेलं. तिचा डावा हात बाळाच्या मानेमागून खांद्याखाली गेलेला, उजवा पाण्यात पोटरीशी. मोसंबीच्या चकत्या बाळाच्या पोटाला येऊन चिकटत होत्या आणि बाळ त्या पकडायला मूठ उघडमीट करत होतं. भाची फोन घेऊन स्टुलावर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हात जरा मागे घे ना, फोटोत येतोय." आक्काने मान वर न करता सांगितलं, "हात नाय काढूचंय मी. दिसलो तर दिसांदे." भाचीने दोनदा विनवलं, मग नाद सोडला. फोटोत तो हात आला. बांगड्यांसकट, बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्यांसकट, पाण्याने ओला झालेला पदर कोपऱ्याशी लोंबताना. बाळाने एक चकती तोंडाला लावून तोंड वेडंवाकडं केलं, तेवढ्यात दोन-तीन फोटो झाले आणि आक्काने बाळाला उचलून पंच्यात गुंडाळलं. पाणी माडाच्या आळ्यात गेलं, फळं गोठ्यात म्हशीपुढे. बाळ आंघोळीला बसलं होतं आणि आंघोळीत फोटो निघाला. फोटोसाठी आंघोळ लांबली नाही. बाळाला थंडी वाजेपर्यंत, रडेपर्यंत, हवी ती पोझ मिळेपर्यंत पाण्यात ठेवायचं, ही मात्र जबरदस्ती आहे, मग ती घरात होवो की स्टुडिओत. आणि हात नसलेला फोटो हवा म्हणून हात काढायला सांगणाऱ्या माणसाच्या हाती कॅमेरा देऊच नये.

आता लाजेचा आक्षेप. उघड्या बाळाचा फोटो काढणं अश्लील, हे म्हणणं मला तिडीक आणतं. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ साली जाईपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली. नग्नता आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ते जन्मभर सांगत राहिले. त्यापायी खटले सोसले, आणि १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याच किनाऱ्यावर आज एखादी आई आपल्या पोराच्या उघड्या पोटाचा फोटो काढते म्हणून तिची लाज काढावी? अश्लील असलंच तर ते पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, बाळात नाही, आईत तर नाहीच.

पण र. धों.चं म्हणणं अर्धंच घेऊन चालणार नाही. बाईला मूल कधी हवं, किती हवीत, हवं की नको, हे तिचं तिने ठरवावं, म्हणून त्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यांच्या सगळ्या लिखाणाच्या मुळाशी एकच आग्रह होता, ज्याचं शरीर त्याचा अधिकार. तो बाळालाही लावायचा की नाही? 'आमचं बाळ' म्हणणाऱ्या दुसऱ्या तटाला माझा सवाल इथे आहे. घर तुमचं, फळं तुमची, टब तुमचा, फोन तुमचा. शरीर कोणाचं? बाळाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने तुम्ही ठरवता, हे बरोबरच आहे. लस टोचायची की नाही हे तुम्हीच ठरवता. पण लस बाळाच्या भल्यासाठी असते. त्याचा उघडा फोटो हजार अनोळखी माणसांनी पाहण्यात बाळाचं भलं कोणतं?

यावर समोरून येणारं सर्वांत बळकट उत्तर मला माहीत आहे, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. ते असं, की कोकणात मूल कधी खाजगी होतं? विहिरीजवळच्या पाथरीवर पोरांना उघडं बसवून आंघोळी घातल्या जायच्या, येणारेजाणारे पाहायचे. चार वर्षांपर्यंतची पोरं खळ्यात नागडी फिरायची. बारशाला सगळी वाडी जमायची, बोरन्हाणाला शेजारपाजारची पोरं. मग आज फोनवर चारशे जणांनी पाहिलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते असं. पाथरीवरचं मूल पाहणारी माणसं तिथे हजर होती. त्यांना मूल पाहत होतं, मुलाची आई पाहत होती. कोणी वेडंवाकडं पाहिलं असतं तर घागर त्याच्या पाठीत बसली असती. पाहिलेलं कोणी खिशात घालून नेत नव्हतं. बोरन्हाणाला जमलेल्या पोरांचं लक्ष बाळाकडे असतंच कितीसं? ती बोरं आणि बत्ताशे वेचण्यात गुंतलेली. सोहळा संपला की सगळं त्यांच्या खिशांत आणि पोटांत. आज तो क्षण संपतच नाही. फोटो जसाच्या तसा राहतो, उचलला जातो, पुढे जातो, आणि ज्याच्याकडे गेला त्याला बाळ ओळखत नाही, आईही ओळखत नाही. त्यात कोकणात तर आडनाव आणि गाव कळलं की वाडी कळते, वाडी कळली की घर. बारशाच्या पत्रिकेतून नाव आणि जन्मतारीख आधीच गेलेली. एखाद्या मुलाबद्दल परक्याला एवढं कळावं, असं आपल्या आज्यांच्या काळात कधीही घडलं नव्हतं. साध्या फोटोवरून हवी तशी खोटी चित्रं बनवणारी साधनं आता कोणाच्याही हातात आहेत, हे तर मी फक्त नोंदवून ठेवते. माझा युक्तिवाद त्या भीतीवर उभा नाही. एकही वाईट माणूस जगात नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

दुसरं उत्तर आणखी हळवं आहे. ज्याचा बाप जहाजावर आहे, त्याने काय करायचं? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या हजारो घरांचं जगणं दूर गेलेल्या माणसांवर चाललं आहे. आधी गिरणीत, मग बोटीवर, आखातात. बाप मनिऑर्डर पाठवायचा आणि मूल पहिल्यांदा पाहायचा ते गणपतीला नाहीतर शिमग्याला, तोवर ते रांगायला लागलेलं असायचं आणि त्याला पाहून रडायचं. आज मस्कतमध्ये पाळी संपवून खोलीवर आलेला माणूस आपल्या लेकाला मोसंबीच्या चकत्या पकडताना पाहतो, ही गोष्ट लहान नाही. ती हिरावून घ्या असं कोण म्हणेल? मी तर म्हणते, रोज पाठवा. पण बापाला पाठवणं आणि वाडीच्या गटावर टाकणं यांत फरक आहे की नाही? मुंबईच्या आजीला पाठवायचा फोटो आजीलाच पाठवता येतो. बापाच्या नावाने सगळ्या जगाला दाखवायचं आणि विचारलं की बापाचं नाव पुढे करायचं, हे बरोबर नाही.

तिसरं उत्तर अल्बमचं. चिपळूण, रत्नागिरी, मालवणच्या बाजारातल्या जुन्या स्टुडिओंत सहा महिन्यांच्या बाळाला पालथं घालून उघड्या अंगाने काढलेले काळे-पांढरे फोटो घरोघरी आहेत. आमच्याकडेही आहेत. मग तेव्हा कोणाचा हक्क गेला? कोणाचाच नाही, कारण तो अल्बम कपाटात असायचा, कपाटाची किल्ली घरात असायची, आणि मूल मोठं झालं की त्याला त्या फोटोचं काय करायचं ते करता यायचं. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी यायच्या म्हटल्यावर स्वतःचा पालथा फोटो अल्बममधून काढून पुस्तकात दडवणारी मुलगी प्रत्येक कुटुंबात होऊन गेली आहे. तिला दडवता आला. आपल्याविषयी जगाने काय पाहावं, यावर तिची सत्ता चालली. आज जन्मलेल्या मुलाला ही साधी गोष्ट करता येणार नाही, कारण किल्ली कोणाकडेच नाही.

याचं जगजाहीर उदाहरण आहे. १९९१ साली एका अमेरिकन रॉक बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर पोहण्याच्या तलावात, पाण्याखाली तरंगणारं चार महिन्यांचं उघडं बाळ छापलं गेलं. फोटो आईवडिलांच्या होकाराने काढलेला. त्यांना २०० डॉलर मिळाले. मुखपृष्ठ जगभर पोचलं. ते बाळ मोठं झालं, मधल्या काळात त्याने स्वतः हौसेने ती पोझ पुन्हाही दिली, आणि तिशीत, २०२१ मध्ये, कोर्टात गेलं की हा फोटो छापणं म्हणजे माझं लैंगिक शोषण आहे. खटल्यात कायदा कोणाच्या बाजूचा, यावर वकील बोलोत. माणसाच्या मनाचं मला त्यातून एवढं दिसतं, की विशीत ज्याचं अप्रूप वाटलं त्याचाच तिशीत जाच होऊ शकतो. आईबापांना हे आधी कळणं शक्य नाही. कळणं शक्य नाही, म्हणूनच त्याच्या वतीने कायमचा निर्णय घेऊ नये.

कायद्याकडे पाहावं तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असा निवाडा दिला, आणि संसदेने २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची परवानगी घ्यावी असं म्हटलं आहे. म्हणजे पहारा पालकांवर सोपवला. पण पालकच फोटो टाकत असतील तर? फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायद्यात लिहून टाकलं, की मुलाच्या छबीवरचा हक्क आईवडिलांनी दोघांनी मिळून जपायचा आणि त्याचं वय, त्याची समज पाहून त्यालाही त्यात विचारायचं. आपल्याकडे असा कायदा हवा का? मला घाई नाही. घराघरांत पोलीस शिरावेत असं मला वाटत नाही. पण जे कायद्याने सक्तीचं नाही ते आपणहून करायला आडकाठी कोणाची?

असे वाद आपण पूर्वीही वाईट तऱ्हेने घातले आहेत. १८९१चं संमतिवयाचं बिल आठवा. मुलगी विवाहित असो वा नसो, तिच्याशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर न्यायचं, एवढाच तो बदल. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. तरी महाराष्ट्रात शाई कशावर खर्ची पडली? परक्या सरकारने आमच्या घरात आणि धर्मात हात घालावा का, शास्त्र काय सांगतं, सुधारक कोणाचे हस्तक. रत्नागिरीत जन्मलेले टिळक कायद्याच्या विरोधात उभे राहिले, आगरकर बाजूने, आणि एरवी दोघेही मोठीच माणसं. पण 'आपलं की परकं' या भांडणात ती मुलगी बाजूला पडली. त्या मुलींच्या यातना आणि आजचा हा फोटो यांची तुलना केली तर ते पाप होईल, आणि मी ती करत नाही. साम्य आहे ते वाद घालण्याच्या रीतीत. एक तट संस्कृतीच्या बाजूने बोलतो, दुसरा घरच्यांच्या हक्काच्या बाजूने. मुलाच्या बाजूने बोलायला तेव्हाही फार थोडे होते.

नजरेबद्दलही बोललं पाहिजे. आक्काच्या शेजारची म्हातारी त्या दिवशी दारातून म्हणाली होती, "पोराक दिष्ट लागतली गो." शिकलेली माणसं यावर हसतात. नजर लागते यावर माझाही विश्वास नाही. पण सव्वा महिना बाळाला आतल्या खोलीत ठेवायचं, येणाऱ्याने हातपाय धुऊन मगच जवळ जायचं, गालावर काजळाची तीट लावायची, 'किती छान आहे हो' असं कोणी फार म्हणू लागलं की विषय बदलायचा, या सगळ्यामागे एक शहाणपण होतं, की तान्ह्या मुलावर किती डोळे पडावेत याला मर्यादा हवी. त्याच रीतीने बाळंतिणींना अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत कोंडून हालही केले, हे विसरून चालणार नाही. ती खोली गेली ते उत्तमच झालं. मर्यादेची ती जाण मात्र खोलीबरोबर टाकून द्यायला नको होती. त्या म्हातारीला फोटो काढण्याचं काही नव्हतं, तिने स्वतःच बाळाला हसवायला टाळ्या वाजवल्या. तिला भीती होती ती बाहेरच्या डोळ्यांची, आणि त्या बाबतीत ती आपल्या सगळ्यांपेक्षा अचूक बोलत होती.

राहता राहिली आई. तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. रात्र रात्र जागणारी, दूध येतंय की नाही या चिंतेत बुडालेली, सगळ्यांनी बाळाचीच चौकशी करावी आणि तिची कोणी करू नये अशा दिवसांतून जाणारी बाई एक देखणा फोटो काढते आणि तिला वाटतं, कोणीतरी म्हणावं, छान केलंस. फोनवर येणारी शंभर बदामं हे तिला त्या महिन्यात मिळालेलं एकमेव कौतुक असू शकतं. तिच्यावर तुटून पडणाऱ्यांतल्या किती जणांनी तिला एकदा तरी विचारलं होतं, की तू जेवलीस का? हे कौतुक घरात मिळालं तर ते बाहेर शोधावं लागत नाही. नवऱ्याने, सासूने, नणंदेने तो फोटो कागदावर छापून आणावा, माजघरात लावावा, आल्यागेल्याला दाखवावा. माजघरात येणारा माणूस चपला काढून, नाव सांगून येतो.

आणि गटावर असलेल्या आपल्यासारख्यांनी एवढं करावं. कोणाच्या बाळाचा असा फोटो आला तर तो पुढे पाठवू नये, 'आमच्या भाचीचं बाळ' म्हणून आपल्या स्टेटसवर लावू नये. आईला काही सुचवायचं असेल तर चारचौघांत न बोलता एकटीला फोन करावा. आणि तिने किंवा बाळाच्या बापाने उद्या सांगितलं की तुमच्या फोनमधला तो फोटो काढून टाका, तर कारण न विचारता काढून टाकावा.